गेली म्हणजे कुठे गेली

४ जानेवारी

प्रिय कॉलर,

फोनच करणार होते, पण मागच्या वेळी तू सारखी "काय? काय?" करत राहिलीस आणि मी "काय काय म्हणजे काय?" विचारत राहिले. शेवटी माझ्या मुलानं फोन काढून घेतला. जन्मभर शिलाईच्या मशिनींच्या खडखडाटात बसलेल्या बायकांनी फोनच्या वाटेला जाऊ नये. पत्रच बरं.

सोबत वर्तमानपत्रातलं एक कात्रण पाठवते आहे. कुणीतरी हिशेब मांडलाय, की आपल्या साली जन्मलेल्या शंभर मुली धरल्या तर त्यांतल्या साधारण तीस आज हयात आहेत. खाली एक रेघ काढलीय, डोंगरावरून उतरल्यासारखी. आपण कुठे आहोत तिथे मुलानं पेन्सिलीनं फुली मारून दिली. मी म्हटलं, बाबा रे, जरा हलक्या हातानं मार.

मग मी आपला शर्ट मोजला. सुपरवायझरबाईला आपल्या सहा जणींची नावं लक्षात राहीनात, म्हणून जी जे शिवायची त्यावरून ती हाका मारायची. तू कॉलर, मी काज. मग पट्टी, खिसा, बाही, इस्त्री. एका टेबलाभोवती अख्खा शर्ट, आणि सगळ्या एका वयाच्या. पट्टी बिचारी चाळिशीतच गेली, मग इस्त्री, मग खिसा. उरलो तिघी. म्हणजे निम्म्या. शंभरात तीस उरतात आणि आपण निम्म्या उरलो, आहे की नाही गंमत? आपल्या टेबलानं सगळ्या देशाला मागे टाकलं. अभिनंदन.

गुडघ्याला तेल चोळत जा.

तुझी काज

२० जानेवारी

काज,

तुझं अभिनंदन तुझं तुलाच लखलाभ.

मी कुठल्या शर्यतीत कधी उतरले होते, ते मला सांग. सकाळी उठते, कण्हत उठते, पण उठते, यात माझी काय कर्तबगारी? आणि "उरलो" काय? कापड बेतून झाल्यावर टेबलाखाली जे पडतं त्याला उरलेलं म्हणतात. ते झाडूनं गोळा करायची पाळी आपल्यावरच यायची, विसरलीस?

तुझं कात्रण माझ्या मुलानं वाचलं. त्याला तेवढंच हवं होतं. आता मी जरा खाली दुकानापर्यंत जाते म्हटलं की तो म्हणतो, "आई, तुझ्या वयाच्या किती बायका अशा एकट्या हिंडतात, सांग बरं." मी म्हटलं, त्या हिंडत नाहीत कारण त्या मेल्यात. तरी त्यानं किल्ली काही दिली नाही. बँकेत दिवसभर लोकांना "नाही" म्हणून म्हणून त्याच्या जिभेला तेच वळण लागलंय. सून शाळेची बस चालवते, तिचं तोंड मुळातच कमी उघडतं. ती नुसती बघत होती.

आणि तुझा हिशेब. तिघी कोण? मी, तू, आणि तिसरी कुठून आणलीस? खिसा जाऊन सहा वर्षं झाली. बाही गेली हे तर तूच मला कळवलंस. मी पत्रं ठेवत नाही, पण ते पत्र मला पाठ आहे. "बाही गेली गं शेवटी. फार ओढाताण चालली होती. मुलीनं घर रिकामं केलं, कपडे वाटून टाकले. मला पोचवायलाही जाता आलं नाही." दोन वर्षं मी ही चार वाक्यं गिळते आहे. आणि तू तिला जिवंत धरून देशाला मागे टाकतेस?

मोजायचं असेल तर नीट मोज. नाहीतर मोजू नकोस.

कॉलर

२ फेब्रुवारी

कॉलर, अगं,

तुझं पत्र मी तीन-तीनदा वाचलं. मग मुलाला वाचायला लावलं, म्हटलं माझ्याच चष्म्यात काही आहे का बघ.

बाही जिवंत आहे. बाही गेली म्हणजे घर सोडून गेली गं. तिसऱ्या मजल्यावरचे जिने होईनात, दोनदा पडली, म्हणून मुलीनं तिला स्वतःच्या गावाजवळच्या वृद्धाश्रमात ठेवलं. तिथे कपाट एवढंसं, म्हणून कपडे वाटले. पोचवायला म्हणजे तिथे पोचवायला. मी इतक्या लांब, मला कसं जाता येणार? मी तेच तर लिहिलं होतं. मला स्वप्नातही वाटलं नाही की तू दुसरं काही वाचशील. कारण तुझं उत्तर आलं, "वाचून सुन्न झाले. पण सुटली एकदाची." मला वाटलं, जिन्यांतून सुटली म्हणतेस. पुढे लिहिलं होतंस, "तिचा विषय माझ्यापुढे पुन्हा काढू नकोस, मला सोसत नाही." मला वाटलं तुमचं काही बिनसलंय. तुमचं दोघींचं सारखंच बिनसायचं, मी का मध्ये पडू? म्हणून मी गप्प राहिले.

एक गोष्ट लिहायची की नाही, यावर दोन दिवस घालवले. लिहूनच टाकते. तेव्हा बाहीनं मला विचारलं होतं, मी इथे आल्याचं ऐकून कॉलर काय म्हणाली? मी तिला तुझं वाक्य कळवलं. "सुटली एकदाची" म्हणाली कॉलर, असं.

त्यानंतर तिनं तुझं नाव काढलेलं नाही. कात्रण तिलाही पाठवलंय.

तुझी काज

११ फेब्रुवारी

काज,

"प्रिय" लिहायला हात होत नाही.

बाई, तुला जगात दुसरं क्रियापद मिळालं नाही? राहायला गेली. तिकडे गेली. मुलीच्या गावी गेली. एक शब्द पुढे जोडायचा होता, एक. काज करताना तू एक टाका कधी कमी घातला नाहीस, आणि इथे माणूस मारलंस.

मी दोन वर्षं तिच्यासाठी मनातल्या मनात काय काय बोलले असेन, आणि ती बसने तीन तासांवर खाटेवर बसून म्हणत असेल, कॉलरला आनंद झाला मी अडगळीत पडले म्हणून. तू माझं वाक्य उचलून तिच्या हातात दिलंस. निरोप्या काय, चुगलखोर काय, वागणूक एकच.

आणि मी? मला शंका का आली नाही, तेही तुझ्या कात्रणानं कळलं. शंभरातल्या तीस, म्हणजे सहांतल्या जेमतेम दोघी. दोन जागा होत्या आणि त्या तू आणि मी भरल्या होत्या. म्हणून बाही गेली हे मला अगदी बरोबर वाटलं. आता ती आहे म्हणतेस, तर आपण एकीनं जास्त झालो. कोण उठणार ते तुझ्या त्या आकडेवाल्यांना विचार.

मी काल मुलाला म्हटलं, मला तिच्याकडे ने. म्हणतो, थंडी कमी होऊ दे. मग म्हणतो, मार्च अखेरीस बँकेत फार काम असतं, एप्रिलमध्ये बघू. ऐंशी उलटलेल्या दोन बायकांना एप्रिल दाखवतोय. मी ताट बाजूला सारलं. सून म्हणाली, "आई, जेवून घ्या." बस, तेवढंच.

कॉलर

२३ फेब्रुवारी

कॉलर,

आता माझं ऐक. मी आयुष्यभर तुमचं दोघींचं ऐकून घेतलं. टेबलाच्या टोकाला माझी जागा, सगळ्यांचं झालं की शर्ट माझ्याकडे यायचा, आणि काही चुकलं की पहिला ओरडा मला. मी कधी म्हटलं नाही की कॉलर वाकडी तिनं लावलीय.

शब्द मी चुकीचा लिहिला. कबूल. पत्र टाकलं तेव्हा मी डोक्यावर बर्फ ठेवून लिहिलं नव्हतं, माझी मैत्रीण तिचं घर सोडत होती म्हणून रडत लिहिलं होतं. पण मला एक सांग. माणूस मेलं की लोक पहिलं काय विचारतात? कशानं गेली? केव्हा? शेवटी कोण जवळ होतं? दुकानातला माणूससुद्धा विचारतो. तू विचारलंस? दोन वर्षांत एकदा तरी? तू एकच ओळ विचारली असतीस, "काय झालं होतं तिला?" तर मी त्याच दिवशी लिहिलं असतं, अगं काही नाही, पाय घसरला.

तू विचारलं नाहीस, कारण तुला विचारावंसं वाटलं नाही. ऐंशीची बाई मेली, त्यात विचारायचं काय. कात्रण तर मी आत्ता पाठवलं. ती रेघ तुझ्या डोक्यात त्याआधीच होती.

मलाही उद्या काही झालं तर तू विचारशील का, असं आता माझ्या मनात येतं. म्हणून हे पत्र जरा कडू झालंय. होऊ दे.

मला शिव्या देऊन झाल्या असतील तर तिला पत्र टाक. पत्ता मागे लिहिलाय.

काज

१ मार्च

बाही,

मी कॉलर. तुझ्याबद्दल मला उलटं कळलं होतं. काय कळलं होतं ते लिहायला धजत नाही. काजला विचार. मी "सुटली" म्हणाले ते जिन्यांबद्दल नव्हतं आणि तुझ्या अडगळीबद्दलही नव्हतं. भेटून सांगते. भेटशील का?

तुझी कॉलर

९ मार्च

कॉलर यांस,

काजनं सगळं लिहिलंय. मेलेल्या बाईला परवानगी कसली विचारतेस?

भेटायची वेळ गुरुवारी तीन ते पाच. त्यानंतर इथे खोलीत कुणी थांबू देत नाहीत.

बाही

१९ मार्च

काज,

जाऊन आले. सविस्तर लिहिते, पण हे पत्र मी गोड करणार नाही आणि तूही ते वाचून गोड होऊ नकोस.

बाहीचं उत्तर आलं त्या दिवशी मी ते जेवणाच्या टेबलावर ठेवलं. मुलानं वाचलं आणि म्हणाला, "बघ, तिलाही फारशी घाई दिसत नाही." मी काही बोलणार, तेवढ्यात सून म्हणाली, "गुरुवारी दुपारची फेरी मी बदलून घेतलीय. मी नेते." तो म्हणाला, "आईला काही झालं म्हणजे?" ती म्हणाली, "मी रोज चाळीस पोरं नेते. एक आई नेता येईल मला." आणि ताटं उचलायला लागली. काज, मी या मुलीला बारा वर्षं मुकी समजत होते.

खोली एका लांब पॅसेजच्या टोकाला आहे. तीन खाटा. मधल्या खाटेवर गादीची गुंडाळी करून ठेवलेली, तिकडे कुणी बघत नव्हतं. खिडकीजवळच्या खाटेवर बाही, पाठीशी दोन उशा, अंगात कुणाचा तरी ढगळ स्वेटर. मी ओळखलं नसतं. खांदे ओळखले.

तिनं मला खालून वर पाहिलं. मी वाट बघत होते की ती रडेल, किंवा मी रडेन. ती म्हणाली, "हा कोट कुणी शिवलाय?"

"विकतचा आहे."

"बाही ओढतेय. काखेत चुण्या पडल्यात. अशा चुण्या घेऊन तू बसमधून आलीस?"

"सुनेच्या गाडीतून आले."

"मग ठीक आहे. फार लोकांनी पाहिलं नसेल."

मी खुर्ची ओढून बसले. हात धरायला गेले तर तिनं तो पांघरुणाखाली नेला. मग एकदम मोठ्यानं म्हणाली, तिलाही आपल्यासारखंच कमी ऐकू येतं ना, सगळ्या पॅसेजला ऐकू गेलं, "मी मेले तेव्हा तू काय केलंस?"

"दिवसभर जेवले नाही."

"दिवसभरच?"

मी कोटाचं बटण चाचपत बसले.

"खिसा गेली तेव्हा दोन दिवस जेवली नव्हतीस. काजनं तेव्हा लिहिलं होतं मला."

तूसुद्धा ना, काज. एकही गोष्ट तुझ्या पोटात राहत नाही.

मी म्हटलं, "बाही, मला खरंच वाईट वाटलं होतं." ती म्हणाली, "वाईट वाटलं आणि तोंडातून आलं सुटली. कशातून सुटले गं मी? मला ना दमा, ना कर्करोग. मी चांगली होते. जिने चढता येत नव्हते, एवढंच. सुटायचं होतं कुणाला?" मी म्हटलं, तसं म्हणतात. ती म्हणाली, "हो, म्हणतात. मधलीबद्दलही सगळे म्हणाले, सोमवारी. ती मला आदल्या रात्री सांगत होती की उन्हाळ्यात भाचीकडे जायचंय, नव्या चपला घ्यायच्यात. सुटली म्हणाले."

तेव्हा मी त्या गुंडाळीकडे पाहिलं. तिसऱ्या खाटेवरची बाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिनं कूस बदलली नाही.

मग बाहीनं तोच प्रश्न विचारला, तुझाच. "कशानं मेले असं वाटलं तुला?"

मला खोटं बोलता आलं असतं. हृदय, पडझड, काहीही. पण तुझं पत्र वाचल्यापासून मी याच प्रश्नाला घाबरत होते, आणि घाबरून घाबरून मला दुसरं उत्तर उरलं नव्हतं.

"वयानं," मी म्हटलं.

"कुणाच्या?"

"म्हणजे?"

"कुणाच्या वयानं मेले मी? आपण दोघी एका वयाच्या. तू ठणठणीत, दुकानात जातेस, मुलाशी भांडतेस. तेच वय तुला जगायला पुरतं आणि मी मात्र त्यानं मरते होय?"

काज, ती थांबली नाही. म्हणाली, दोन वर्षं मी तुला शिव्या घालायचे, रोज, दात घासताना. तेवढाच एक व्यायाम होता मला. आणि तू तिकडे मला पुरून मोकळी. मी तुझ्यावर चिडलेले आणि तू माझ्यावर चिडलेलीसुद्धा नाहीस, हे मला जास्त लागलंय. भांडण तरी दोघींचं असायला हवं होतं.

मी म्हटलं, "मी आत्ता चिडलेय."

"कुणावर?"

"सगळ्यांवर. काजवर, मुलावर. त्या कात्रणावर. स्वतःवर."

"माझ्यावर?"

"तुझ्यावर पण. एक पत्र टाकलं असतंस, 'काय गं भवाने, सुटली म्हणतेस?' तर तिथेच उलगडा झाला असता. तुझा मानच मोठा."

हे ऐकून तिचा चेहरा जरा बरा दिसायला लागला. पांघरूण सरकवून तिनं हात बाहेर काढला, माझ्या कोटाची बाही खांद्याशी चिमटीत धरली आणि मागे ओढून बघितली. "इथे उसवून अर्धं बोट मागे घ्यायला पाहिजे," म्हणाली. "तुला जमणार नाही. तू जन्मभर कॉलरीच लावल्यास." हात मात्र तिथेच राहिला, खांद्यावर. तिच्या बोटांना पेन धरवत नाही, ते पत्रही तिनं शेजारणीकडून लिहून घेतलं होतं. मधलीकडून. ते अक्षर त्या बाईचं होतं, काज.

पाच वाजले. व्यवस्थापिका दारात येऊन उभी राहिली. सून पॅसेजमध्ये माझी पिशवी घेऊन उभी होती, तिनं मला उठवायला हात दिला. मी उठले आणि आपण सगळे म्हणतो तसं म्हटलं, "येते गं."

बाही म्हणाली, "कधी?"

मला वाटलं तिला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हटलं, "निघते म्हटलं. येते."

"ते कळलं. कधी येतेस, ते विचारलं."

तिची मुलगी दर वेळी "येते" म्हणून जाते. व्यवस्थापिका पाच वाजता "येते" म्हणते. मधलीची भाची तर दोन वर्षं येते म्हणत होती.

मी सुनेकडे पाहिलं. तिनं मान हलवली.

"गुरुवारी," मी म्हटलं.

"कुठल्या?"

"येत्या."

"बघू," म्हणाली आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

परतताना सून गाडीत एवढंच म्हणाली, की गुरुवारची दुपारची फेरी तिनं कायमचीच बदलून घेतलीय. मुलगा घरी आल्यावर आरडाओरडा करणार आहे. करू दे. मीही तयार आहे.

तुझ्यावरचा राग आहे तसाच आहे. तुझाही माझ्यावर असेल, तो लिहून पाठव, पोटात ठेवू नकोस. आणि तुझं काय चाललंय ते लिही. खरंखुरं. रक्तदाब किती आहे, पायाला सूज येते का, रात्री झोप लागते का, मुलगा नीट वागतो का. मी विचारतेय. प्रत्येकाचं उत्तर हवंय.

कॉलर